मोकळी चाल : आमच्या भागातील क्लचचा इतिहास

परभणी–हिंगोली रस्त्यावर जवळा बाजारला एक गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडी तिथे एक अनोळखी गाडी आली. चार फुगीर चाके, दुचाकीसारखे हँडल, घोड्यावर बसावे तसे बसायचे. कुणा हौशी शेतकऱ्याने ती पुण्याकडून जुनी विकत आणली होती. इंग्रजीत तिला ‘ऑल टेरेन व्हेइकल’ म्हणतात, म्हणजे कसल्याही जमिनीवर चालणारी. गॅरेजमधल्या पोरांनी तिचे नाव ‘चारचाकी फटफटी’ ठेवले होते. तक्रार एवढीच, की गिअर टाकला की गाडी उडी मारते.

गॅरेजचे उस्ताद साठी ओलांडलेले. अशी गाडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी इंजिनाच्या उजव्या अंगावरून हात फिरवला, एका लहानशा झाकणाखालचा स्क्रू आणि त्यावरचा नट पाहिला आणि हसले. म्हणाले, “अरे, ही तर आपली स्ट्रीट.” हिरो होंडाने १९९७ च्या सुमारास काढलेली हाताच्या क्लचविना चालणारी ती छोटी गाडी त्यांनी पुष्कळ हाताळली होती. इंजिन बंद ठेवून त्यांनी नट सैल केला. पेचकसाने स्क्रू जड लागेपर्यंत फिरवला, तिथून अष्टमांश फेरा उलटा घेतला, स्क्रू तसाच धरून नट आवळला. पाच मिनिटांचे काम. गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

मी विचारले, “उस्ताद, जड लागल्यावर परत मागे का घेतलात?”

“थोडी चाल ठेवावीच लागती भाऊ. अंगाला अंग लागून राहिलं की जळतं.”

ही ‘थोडी चाल’ गेली वीस वर्षे माझ्या शोधाचा विषय आहे. मराठवाड्यात यंत्रे कधी आली, कुणी आणली, किती आली यावर थोडेफार लिहिले गेले आहे. ती जुळवायला कोण शिकले, कसे शिकले आणि त्या शिकण्याची किंमत कुणी मोजली, यावर जवळजवळ काहीच नाही. हा लेख त्या रिकाम्या जागेत एक पाऊल टाकण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी मी इंजिनाचा एकच भाग निवडला आहे : क्लच.

बैलाला क्लच लागत नाही

क्लच कशासाठी, हे समजायला बैलापासून सुरुवात करावी. बैलजोडी उभी असते तेव्हाही तिच्या अंगात ओढ असते. चिखलात रुतलेली गाडी काढताना बैल आधी जू मानेवर घेतो, खूर रोवतो, हळूहळू जोर वाढवतो आणि मग गाडी हलते. उभ्या जागेवरून जोर लावणे हे जनावराचे बळ आहे.

डिझेल इंजिनाचे नेमके उलटे. ते फिरत असेल तरच त्याच्यात ताकद; थांबले की लोखंडाचा गोळा. म्हणजे इंजिन फिरत आहे आणि चाके उभी आहेत, अशा दोघांची गाठ घालून द्यायची. एकदम घातली तर इंजिन बंद पडते किंवा काहीतरी मोडते. म्हणून मधे असा एक दुवा लागतो जो आधी घसरतो, मग धरतो आणि शेवटी घट्ट धरून ठेवतो. तो दुवा म्हणजे क्लच. बैलाच्या मानेत आणि खुरांत जे शहाणपण उपजत होते, ते यंत्रात दोन चकत्यांच्या घर्षणातून आणावे लागले. आणि ते शहाणपण कधी, किती वापरायचे हे माणसाच्या डाव्या पायावर सोपवावे लागले.

रिकामी पुली

आमच्या भागात क्लच ट्रॅक्टरबरोबर आला, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. ते खरे नाही. तो त्याच्या आधीच जिनिंगमध्ये आला होता. त्याला क्लच म्हणत नसत एवढेच.

हैदराबाद–मनमाड लोहमार्ग १९०० मध्ये सुरू झाला आणि पूर्णा–हिंगोली फाटा १९१२ मध्ये. निजामाच्या राज्यातील या कापसाच्या मुलखात रेल्वेच्या आसऱ्याने सरकी काढणारे आणि गठाणी बांधणारे कारखाने वाढले. त्यांची रचना सारखीच असे. एका टोकाला वाफेचे, पुढे तेलाचे इंजिन. तिथून कारखान्याच्या लांबीभर फिरणारा एक शाफ्ट. आणि त्या शाफ्टवरून पट्ट्यांनी चालणारी जिन यंत्रे, एकापुढे एक. इंजिन एक, यंत्रे अनेक. मग त्यातले एकच यंत्र थांबवायचे कसे? त्यासाठी शेजारी शेजारी दोन पुल्या असत. एक दांड्याला पक्की, दुसरी दांड्यावर नुसती गरगरणारी. पट्टा लाकडी दांडीने पक्क्या पुलीवरून रिकाम्या पुलीवर सरकवला की ते यंत्र थांबे आणि इंजिन चालूच राही. परत सरकवला की पट्टा आधी घसरे, मग धरे.

हा अगदी क्लचच होय. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट घेतले, तिच्यात हीच युक्ती होती : पट्टा, एक पक्की पुली आणि एक रिकामी पुली. म्हणजे जगातल्या पहिल्या मोटारीचा क्लच आणि आमच्याकडच्या जिनिंगचा पट्टा ही एकाच घरातली भावंडे. पुढे मोटारींतून पट्टा गेला आणि चामडे लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच आला. हे चामडे तेलकट होऊन घसरू लागले की विलायतेतले मोटारवाले त्यावर मुलतानी माती टाकत. आमच्या पिठाच्या गिरणीत पट्टा घसरू लागला की गिरणीवाला त्याला राळ लावे. दोघांची अडचण एक आणि तोडगाही एकाच जातीचा.

पट्ट्याने इथल्या माणसांना आणखी एक गोष्ट शिकवली. पट्टा ढिला असला तर घसरतो हे कुणालाही कळते. पण अति ताणला तर बेअरिंग तापते, दांडा झिजतो आणि पट्टाही तुटतो, हे हात भाजल्यावरच कळते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात देशी डिझेल इंजिने बनवायला घेतली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे विहिरीवर आणि गिरणीत तेलाचे इंजिन आले आणि ही शिकवण गावोगाव पोचली. मी ज्या जुन्या मिस्त्रींशी बोललो, त्यांतले बरेच जण ट्रॅक्टरकडे आले ते याच वाटेने, जिनिंगच्या नाहीतर गिरणीच्या इंजिनावरून. त्यांच्या बोलण्यात आजही ‘क्लच पकडतो’ आणि ‘पट्टा पकडतो’ यांत फरक नसतो.

पशुगणनेतला ट्रॅक्टर

स्वातंत्र्यानंतर सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली अजस्र यंत्रे घेऊन खोल मुळांच्या गवताने पछाडलेल्या जमिनी तोडण्याचे तिचे काम. शेतकऱ्याच्या दारातला ट्रॅक्टर मात्र पुढची गोष्ट आहे. २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादला आयशरचा पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६० मध्ये मद्रासला टॅफे, १९६३ मध्ये मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी, तिचा बी-२७५ आमच्याकडे घरोघर ठाऊक झाला. १९७४ मध्ये पंजाबचा स्वराज. १९६१-६२ मध्ये साऱ्या देशात मिळून ८८० ट्रॅक्टर बनले होते. आज जगात सर्वाधिक ट्रॅक्टर भारतात बनतात.

आमच्या भागात या काळात आणखी एक बदल झाला. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरची धरणे १९६० च्या दशकाअखेर उभी राहिली. वसमत–परभणीकडे कालव्याचे पाणी आले, ऊस आला, वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आला. ट्रॅक्टरला नांगरणीखेरीज वर्षभराचे काम मिळाले ते उसाच्या ट्रॉल्यांमुळे.

या ट्रॅक्टरांची सरकारी मोजणी कुठे होत असे? पशुगणनेत. बैल, गायी, म्हशी, शेळ्या यांच्या जोडीला नांगर, बैलगाड्या, इंजिने आणि ट्रॅक्टर, असे सगळे एकाच गणनेत मोजले जात. मला यात काही वावगे वाटत नाही. शेतकऱ्याच्या लेखी ती सगळी एकाच दावणीची. पण त्या तक्त्यात एक रकाना नव्हता. ट्रॅक्टर चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस कुठेच मोजलेला नाही. बैल मोजला, ट्रॅक्टर मोजला. सालगडी आणि मिस्त्री राहून गेले.

घट्ट की ढिला

आता या शोधाच्या मुळाशी असलेली घटना सांगतो. माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे, पुढच्या पाडव्याला संपायचे. मालकाने तीस-पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला तेव्हा बैल राखणाऱ्या वडिलांनाच त्यावर बसवले. शिकवणी दोन दिवसांची. वडिलांचे शिक्षण निजामाच्या काळातले, चौथीपर्यंत, उर्दूतून. मराठी त्यांनी पोथीवरून शिकून घेतली. ट्रॅक्टरबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत होते आणि ते मालकाच्या कपाटात राहिले.

१९७९ च्या पेरणीत क्लच घसरू लागला. इंजिन गर्जायचे, ट्रॅक्टर मात्र सरकायचा नाही. वडिलांनी जे कुणाही शहाण्या माणसाने केले असते तेच केले. घसरतोय म्हणजे ढिला झालाय, असे समजून पेडलच्या सळईचा नट आणखी आवळला. दुसऱ्या दिवशी दुपारी काळ्या रानात क्लच प्लेट जळाली. जळक्या चामड्यासारखा तो वास मला आजही आठवतो. मी नऊ वर्षांचा होतो, न्याहारी घेऊन गेलो होतो. वाफसा निघून गेला. मालकाने प्लेटचा आणि मिस्त्रीचा खर्च सालातून कापला. पैशांपेक्षा शब्द लागला : “बैल हाकणाऱ्याच्या हाती यंत्र दिलं की असंच होतं.” वडील पुढच्या पाडव्याला ते घर सोडून आले आणि पुन्हा कधी ट्रॅक्टरवर बसले नाहीत.

त्यांची चूक नेमकी काय होती, हे मला कळले ते पुष्कळ वर्षांनी. हैदराबादच्या आबिड्समध्ये रविवारी पदपथावर जुनी पुस्तके मिळतात. तिथे मला त्या जातीच्या ट्रॅक्टरची पुस्तिका मिळाली. शब्दकोश घेऊन बसलो आणि क्लचचे पान लावले.

क्लचची रचना अशी. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील. तिच्यासमोर प्रेशर प्लेट. दोघींच्या मधे क्लच प्लेट, जिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर रिबिटांनी बसवलेले. मजबूत स्प्रिंगा प्रेशर प्लेटला फ्लायव्हीलकडे रेटतात, मधली प्लेट चिमटली जाते आणि फिरू लागते. पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकून ‘फिंगर’ म्हणजे तरफेच्या टोकांना दाबते; तरफ प्रेशर प्लेटला मागे ओढते; चिमटा सुटतो. पेडल सोडलेले असताना बेअरिंग आणि फिंगर यांच्यात थोडे अंतर असायलाच हवे. पायाला ते असे जाणवते, की पेडल आधी इंचभर हलके जाते आणि मग जड लागते. ही हलकी चाल म्हणजेच मोकळी चाल. मिस्त्रींच्या तोंडी ‘प्ले’.

आता खरी मेख. अस्तर झिजते तशी प्लेट पातळ होते. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ जाते. पण तरफेचे एक टोक पुढे गेले की दुसरे मागे येते. म्हणून फिंगरची टोके बेअरिंगकडे सरकतात. म्हणजे झिजेने मोकळी चाल वाढत नाही, ती कमी होते. ब्रेक झिजला की पेडल खाली जाते आणि आवळावे लागते. हा अनुभव क्लचला लावला की घात होतो. चाल संपली की बेअरिंग फिंगरला कायम टेकून राहते. जणू एक अदृश्य पाय चोवीस तास पेडलवर ठेवलेला आहे. चिमटा पुरता बसत नाही, प्लेट घसरते, तापते, जळते. इलाज एकच : सळई सैल करून चाल परत द्यायची. वडिलांनी राहिलेली चालही काढून घेतली होती.

ही चूक बैल हाकणाऱ्याची नव्हती. बैल हाकणाऱ्याला तर ढिलाईचे मोल अधिक ठाऊक. जुवाची सापती किती सैल ठेवली म्हणजे मान सोलत नाही, हे वडिलांना अंधारात हाताने कळे. कोणीतरी एकदाच त्यांच्या बोलीत सांगायला हवे होते, की दादा, हेही सापतीसारखेच आहे.

ते सांगणारे पुढे तयार झाले. १९८० नंतर रस्त्याकडेच्या गॅरेजांत एक अलिखित अभ्यासक्रम घडत गेला. चाल पट्टीने मोजायची नाही, हाताने पेडल दाबून बोटांनी जाणायची. तिन्ही फिंगर एका पातळीत आल्या पाहिजेत, नाहीतर प्लेट तिरकी सुटते आणि गिअर वाजतो. चाल फार ठेवली तर क्लच पुरता सुटत नाही, ‘ओढतो’. पेडलवर पाय ठेवून चालवायचे नाही. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या उठवताना अर्ध्या क्लचवर खेळायचे नाही. लहान गिअर टाकून सरळ सोडायचे. यातले एकही वाक्य मराठीत छापलेले मी तेव्हा पाहिले नव्हते. सगळे तोंडी होते आणि बरेचसे दखनीत. इथल्या उस्तादांत मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्याकडे शिकणारी पोरे सगळ्या जातींची. ‘चाल’, ‘खेळ’, ‘घसर’, ‘पकड’ हे शब्द दोन्ही भाषांना सामाईक असल्याने ज्ञान भाषेच्या उंबऱ्यावर अडले नाही. इंग्रजी पुस्तकाच्या कपाटाला कुलूप होते. गॅरेजला दारच नव्हते.

ज्याची नोंद नाही

पण हा इतिहास नुसता कौतुकाचा नाही. त्याची किंमत अंगावर मोजली गेली आहे.

पहिली किंमत धुळीची. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने १८९७ मध्ये घोडागाड्यांसाठी ब्रेकचे घर्षण-ठोकळे बनवायला सुरुवात केली. पुढे उष्णता सोसणारे म्हणून अस्बेस्टॉस या धंद्यात आले आणि विसाव्या शतकाचा बराच काळ जगभरच्या क्लच व ब्रेकच्या अस्तरांत तेच राहिले. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुततात आणि वीस-तीस वर्षांनी रोग होऊन वर येतात. आमच्या गॅरेजांत क्लच उघडला की पहिले काम म्हणजे आतली काळी भुकटी उडवणे : कॉम्प्रेसर असेल तर हवेने, नसेल तर तोंडाने फुंकून. ते काम नेहमी लहान पोराचे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा निकाल देताना त्यांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्यास सांगितले. पत्र्याच्या टपरीत हजेरीची वहीच नव्हती. आरोग्याची कुठून असणार?

दुसरी किंमत हातांची. ट्रॅक्टरच्या मागे पीटीओ नावाचा दांडा असतो. त्यावर मळणीयंत्र चालते. त्याची प्रमाण गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. मॅसी फर्ग्युसन ३५ सारख्या ट्रॅक्टरांनी दुहेरी क्लच आणला : पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात, पूर्ण दाबले की हा दांडाही थांबतो. सोय उत्तम. पण चाल बिघडली तर पूर्ण दाबूनही दांडा ‘ओढत’ राहतो. ज्याला हे अर्धे-पुरते माहीत नाही, त्याला ट्रॅक्टर थांबला म्हणजे सगळे थांबले असे वाटते. मळणीयंत्रांच्या अपघातांनी देशभर इतके हात घेतले, की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. कायद्याने यंत्र बनवणाऱ्याला बांधले. खळ्यावरच्या मजुराला पेडलची दुसरी पायरी समजावणे मात्र पुन्हा त्या उस्तादांवरच राहिले.

लूनापासून चारचाकीपर्यंत

डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे हे शिक्षण नकोच, असे म्हणणारी एक वाट शेजारून चालत होती. होंडाने १९५८ मध्ये सुपर कब काढली, तेव्हा एका हातात जेवणाचे ताट घेऊन जाणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता यावी, असा विचार होता. म्हणून हाताचा क्लच गेला. गती वाढली की वजने बाहेर फेकली जाऊन आपोआप धरणारा क्लच आला. गिअर बदलताना पायाच्या खटक्यानेच क्लच सुटतो आणि त्या खटक्याची चाल एका स्क्रूवर ठरते. १९७२ मध्ये फिरोदियांची लूना रस्त्यावर आली, तीही आपोआप धरणाऱ्या क्लचची. शाळामास्तर, परिचारिका आणि दूधवाले यांना तिने क्लचविना गाडी दिली. होंडानेच १९७० मध्ये अमेरिकेसाठी फुगीर चाकांची तीनचाकी काढली. १९८० च्या दशकात तिला चौथे चाक आले. जवळा बाजारला आलेल्या गाडीचे इंजिन याच घराण्यातले. उस्तादांनी तिला हाताने ओळखले ते उगाच नाही.

क्लच आपोआप झाला तरी चाल संपली नाही. ती झाकणाखाली गेली, पेडलवरून एका स्क्रूवर आली, इंचाऐवजी अष्टमांश फेऱ्यात मोजली जाऊ लागली. पण कुणीतरी ती ठेवावीच लागते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारा, स्वतःची चाल स्वतः राखणारा क्लच असतो. तो बिघडला की जुळवायचा नसतो, बदलायचा असतो. उस्तादांकडे आता शिकायला पोरे येत नाहीत. जी येतात ती भाग बदलायला शिकतात. यात धूळ कमी, हात शाबूत, हेही खरेच. जुने सगळे चांगले होते असे म्हणण्याचे धाडस, ज्याने ती भुकटी फुंकणारी पोरे पाहिली आहेत, त्याला होणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. यंत्र कारखान्यातून निघाले ती तारीख कारखान्याच्या इतिहासात शोभते. आमच्या इतिहासात यंत्र आले ते ज्या दिवशी इथल्या कुणीतरी त्याचा नट उलटा फिरवून चाल परत दिली, त्या दिवशी. ती तारीख कुठल्याही तक्त्यात नाही. म्हणून मी ज्यांना भेटता आले त्या मिस्त्रींची बोलणी वह्यांत उतरवून ठेवत आलो आहे. आतापर्यंत सात वह्या झाल्या.

आबिड्सची पुस्तिका घेऊन मी घरी आलो तेव्हा वडील हयात होते. क्लचच्या पानावरची आकृती त्यांना दाखवली आणि नट कुठल्या बाजूला फिरवायला हवा होता ते सांगितले. त्यांनी चष्मा लावून आकृती बराच वेळ पाहिली. मग विचारले, “म्हंजे ढिला करायचा होता?”

“हो.”

“हे त्या पुस्तकात होतं?”

“हो, पहिल्यापासून.”

ते काही बोलले नाहीत. पुस्तिका मिटून त्यांनी माझ्याकडे दिली आणि गोठ्याकडे गेले. दावणीला बैलाच्या गळ्यातला दोर आवळला होता. त्यांनी त्यात दोन बोटे घालून पाहिली आणि गाठ थोडी सैल केली.